दम लागला की ओळ तोडायची

"दम लागला," असं म्हणून ताई छातीवर हात ठेवायच्या आणि समोरच्याकडे बघत राहायच्या. जिना चढून आलेल्या नसायच्या. खुर्चीतच बसलेल्या असायच्या. आमच्यापैकी कुणीतरी लिहिलेली प्रोग्रामची एक ओळ त्या स्क्रीनवर बोट टेकवून मोठ्याने वाचत असायच्या आणि ओळ संपायच्या आधी त्यांचा श्वास संपायचा. मग पुढचं ठरलेलं. "दम लागला गो. तोड."

तोडायची म्हणजे एका मोठ्या कामाची लहान लहान कामं करायची, प्रत्येकाला सरळ नाव द्यायचं आणि ती एकाखाली एक लावायची. न तोडता वाद घालत बसलं, तर त्या तीच ओळ पुन्हा वाचायच्या, आधीपेक्षा मोठ्याने, आणि मधेच खोकायच्या. तो खोकला खोटा असायचा, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. तरी आम्ही तोडायचो. कारण खाली कापडाचं दुकान होतं आणि खोकला फार वाढला की दुकानदार वर बघायला यायचा.

आमचं ऑफिस रोह्यात. रोह्यात सॉफ्टवेअर म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील, तर त्या खाली आणा. शेजारच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत पाळ्यापाळ्यांनी माणसं कामाला जातात, त्यांना न्यायला-आणायला गाड्या असतात, आणि कोण कुठल्या पाळीला, कुठल्या थांब्यावरून, कुठल्या गाडीत, हे रोज कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. जावास्क्रिप्टमध्ये लिहितो. मी जवळच्याच वरसे गावाहून चालत कामावर येते, आणि मला हे काम आवडतं.

ताई पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून यायच्या. वडील मिठागरात कामाला होते. ताई शिकल्या, पेणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये कितीतरी वर्षं शिकवलं आणि मग आमच्याकडे आल्या. मोठ्याने वाचायची सवय क्लासमधली. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, अशा बेताने त्या आमच्या छोट्या खोलीतही वाचायच्या.

प्रोग्राममध्ये एक काम करणाऱ्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं असेल, तर पहिलं दुसऱ्याच्या कंसात लिहिता येतं. मग ते दोन्ही तिसऱ्याच्या कंसात. असं एकात एक भरत गेलं की मशीनला ते बरोबर कळतं, माणसाला मात्र आतून बाहेर वाचत यावं लागतं. आमच्या जुन्या कामात अशा ओळी बक्कळ होत्या. निखिल नावाचा आमचा सहकारी पुण्याहून शिकून नवीनच आला होता. त्यानेही पहिल्याच आठवड्यात तशी एक ओळ लिहिली.

"काय रे, ही ओळ हाय का मालगाडी?" ताई म्हणाल्या. "सगळ्यात आधी करायचं ते सगळ्यात आत दडवलंस. रोहा, त्याच्या कंसात नागोठणे, त्याच्या कंसात वडखळ, आणि पार आत पेण. एसटीच्या पाटीवर असं लिवलं तर कोण चढेल गाडीत?"

निखिलला हसू आलं, पण तो हटला नाही. त्याला कम्पोज नावाचा एक प्रकार येत होता. त्यात फंक्शनं ओळीने लिहितात, पण ती उजवीकडून डावीकडे चालतात. "गणितात असंच असतं, ताई."

"असेल ना. मी सकाळी पेणवरून रोह्याला येते. आधी रोहा आणि मग पेण, असं करून कामावर येत नाय."

ताईंचा आवडता प्रकार पाइप. पाइप हे एक छोटंसं फंक्शनच. त्याला कामांची रांग द्यायची. पहिल्या कामाचं उत्तर ते दुसऱ्याच्या हातात देतं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, आणि शेवटच्याचं आपल्या हातात. वरून खाली लिहायचं, वरून खाली वाचायचं. नावं आम्ही इंग्रजीतच द्यायचो, पण ताई वाचताना त्याचं मराठी करायच्या आणि तेही एका श्वासात. "कामगार घेऊन, दुसऱ्या पाळीचे निवडून, रजेवरचे वगळून, थांब्यांप्रमाणे लावून, गाड्यांत बसव." इतकं म्हणून झाल्यावरही श्वास शिल्लक असला, तर त्या मान हलवायच्या. तीच आम्हाला मिळणारी पसंती. निखिलने कम्पोज सोडला. पटलं म्हणून सोडला की त्या खोकल्याला कंटाळून, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

थंडीत ताईंनी आम्हाला पोपटीला गावी नेलं. ऑफिस चालवणारे आमचे साहेबही आले होते. शेताच्या कडेला ताईंच्या भावाने मडक्यात भांबुर्डीचा पाला घातला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे आणि अंडी, पुन्हा वर पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती गवत-काटक्या पेटवल्या. आम्ही मजेत गप्पा मारत होतो. ताई मात्र मडक्याभोवती नुसत्या फेऱ्या घालत होत्या.

"आत काय चाललंय ते कळत नाय," त्या कुरकुरल्या. "पोपटीचं मला हेच पटत नाय."

"बाय, मडकं हाय ते," भाऊ म्हणाला. "उघडलंस तर वाफ गेली." मग त्याने मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून लगेच वाळलं, आणि त्याने पोपटी झाल्याचं जाहीर केलं. शेंगा उत्तम झाल्या होत्या. ताईंनी सगळ्यांपेक्षा जास्त खाल्ल्या, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

सोमवारी आल्या आल्या त्यांनी एक फंक्शन लिहिलं. नाव 'डोकाव', इंग्रजी अक्षरांत. पाइपच्या रांगेत ते कुठेही मधे घालायचं. वरून जे येईल ते आपल्याला दाखवायचं आणि जसंच्या तसं खालच्याला द्यायचं. "मधल्या मधे खाऊन टाकायचं नाय," त्या बजावायच्या. "बघायचं आणि पुढे द्यायचं." असं फंक्शन जगभर लोक वापरतात, त्याला वेगळं इंग्रजी नाव आहे, हे निखिलने सांगून पाहिलं. ताई म्हणाल्या, जगाने पोपटी खाल्लेली नाही. नंतर कामाला आलेली बाहेरगावची मुलं 'डोकाव'चा अर्थ इंटरनेटवर शोधत बसायची आणि आम्ही त्यांना खुशाल शोधू द्यायचो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताईंनी एकदा डबा उघडता उघडता सांगितलं, "डोळे चाललेत माझे." भाजीत मीठ कमी पडलंय, हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. आम्ही घास हातात धरून बसलो. काचबिंदू होता. उशिरा लक्षात आला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी जमेल तितकी टिकवायची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कडेचं दिसणं आधीच गेलं होतं. आणि स्क्रीनवर बोट टेकवून वाचायची सवय क्लासमधलीच, पण हल्ली बोटाशिवाय त्यांना ओळच सापडत नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"रडायचं ते मी घरी रडलेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवा. मला एकच धास्ती हाय. मला फोनवर बसवतील."

तयारीही तशीच झाली. साहेब वाईट असते तर सोपं गेलं असतं. साहेब फार चांगले होते. त्यांनी खिडकीजवळ वेगळं टेबल लावून घेतलं, फोन आणवला, खुर्चीला उशी बांधली. कंपन्यांचे फोन घ्यायचे, तक्रारी ऐकायच्या, पगार तोच. ताईंना त्यांनी ते टेबल दाखवलं तेव्हा त्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं.

ताई म्हणाल्या, "साहेब, मी प्रोग्राम लिहिते. मी तेच लिहीन. बघून नाय जमलं तर ऐकून लिहीन."

साहेबांनी "करून बघा" म्हटलं. मनातून त्यांना वाटत होतं की ताई थोड्या दिवसांत स्वतःच थकतील. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि राग आला.

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम ताईंनी कॉम्प्युटरवर बसवला आणि कानात इअरफोन घातला. तो आवाज मी एकदा ऐकला. मिक्सर लावल्यासारखा होता, एक शब्द कळेल तर शपथ. ताई तो अजून जलद करायच्या. पण जुन्या ओळींपाशी त्याही अडायच्या. तो आवाज आपला "कंस सुरू, कंस सुरू, कंस सुरू" म्हणत राहायचा आणि मग सगळे कंस बंद करायचा. तोवर आत काय होतं ते डोक्यातून पार जायचं. ताई इअरफोन काढून कपाळ दाबत बसायच्या. पाइपमध्ये लिहिलेलं मात्र त्या एकदा ऐकायच्या आणि बोटं चालू व्हायची. एक ओळ, एक काम, पुढची ओळ.

इतकी वर्षं आम्ही ज्याला ताईंचा हट्ट म्हणत होतो, त्यावरच आता त्यांची नोकरी उभी होती. कुणी ठराव केला नाही, पण दुपारच्या चहानंतर आम्ही रोज थोडं थोडं जुनं काम उलगडून पाइपमध्ये लावायला लागलो. निखिल सगळ्यात पुढे. दम त्यालाच आधी लागायला लागला.

आणि मग ताईंकडून चूक झाली. मोठी झाली.

दुसऱ्या पाळीच्या याद्यांचं काम त्या नव्याने लावत होत्या. त्यात रजेवरचे वगळायची ओळ गाड्यांत बसवायच्या ओळीच्या खाली गेली. म्हणजे आधी सगळ्यांना जागा दिल्या, रजेवरच्यांनाही, आणि मग रजेवरचे उठवले. यादीत गाडी पेण-वडखळच्या नावांनीच भरली, आणि नागोठण्याच्या माणसांना जागाच उरली नाही. गाडी नागोठण्याला आली तेव्हा अर्ध्या जागा मोकळ्या दिसत होत्या आणि ड्रायव्हर खाली उभ्या माणसांना सांगत होता, "यादीत नाव नाय, घेता येत नाय." लोकांनी त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. कंपनीत माणसं कमी पडली, आधीच्या पाळीची तशीच थांबवावी लागली, आणि भरदुपारी आमचे सगळे फोन एकदम वाजायला लागले.

प्रत्येक ओळ स्वतःपुरती बरोबर होती. क्रम तेवढा चुकला होता. वाचायला इतकं सरळ होतं, की तपासणाऱ्यालाही संशय आला नाही. ताईंनी ते पुन्हा ऐकून चूक शोधली, ओळ वर नेली, यादी पुन्हा पाठवली आणि उठून साहेबांच्या केबिनीत गेल्या. केबिन म्हणजे प्लायवुडची आडभिंत. सगळं ऐकू येतं.

"साहेब, चूक माझी हाय."

"असू दे, ताई," साहेब म्हणाले. अगदी मऊ आवाजात. "तुमची परिस्थिती आम्हाला कळते. तुम्ही बसा. पाणी घेता?"

आदल्याच आठवड्यात निखिलने एका थांब्याचं नाव चुकवलं होतं. तेवढ्यावरून साहेब त्याला असे बोलले होते, की तो जेवायलाही उठला नाही. ताईंनी ते ऐकलेलं होतं.

"परिस्थितीचा काय संबंध?" ताईंचा आवाज चढला. "चूक डोळ्यांची नाय, डोक्याची हाय. डोळे धड असते तरी झाली असती. निखिलला बोललात तसं मला बोला."

"अहो, तुम्हाला कसं बोलू मी?"

ताई बाहेर आल्या. डबा उघडला नाही. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाल्या, "ओरडत नाय गो ते माझ्यावर. म्हणजे मला मोजतच नायत." एवढं बोलून इअरफोन घातला. त्यांना असं खचलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांचं सांगितलं त्या दिवशीही त्या अशा बसल्या नव्हत्या.

त्यानंतर साहेब जास्तच मायेने वागायला लागले. ताईंशी बोलताना सावकाश आणि मोठ्याने बोलायचे. "ताई, च-हा घे-णार का?" ताई म्हणायच्या, "साहेब, कान चांगले हायत." खिडकीजवळचं टेबलही उशीसकट तसंच ठेवलेलं होतं, त्यांच्या वाटेकडे डोळे लावून. ताई रोज त्याला वळसा घालून आपल्या जागेवर जायच्या. पांढरी काठी घेतल्यावर एकदा काठी त्या टेबलाला लागली, तर त्यांनी आणखी एक फटका मुद्दाम मारला. मी बघत होते, हे त्यांना माहीत नव्हतं. किंवा असेलही.

काम मात्र थांबलं नाही. ज्या ज्या कंपनीचं काम ताईंनी हाती घेतलं, ते वरून खाली एका श्वासात वाचता येईल असं झालं. आता तपासताना आम्ही प्रत्येक ओळीला "ही इथेच का?" असं विचारायचो. तोही ताईंचाच नियम. "गोड वाचता येतं म्हणून बरोबर हाय, असं धरू नका," त्या म्हणायच्या, आणि नागोठण्याची गोष्ट नव्या मुलांना स्वतःच रंगवून सांगायच्या, ड्रायव्हरच्या आवाजासकट.

वर्षभराने ताईंना पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं. न दिसणाऱ्या माणसांना फोन आणि कॉम्प्युटर नीट ऐकून वापरता यावेत, यावर ती कंपनी काम करते. काम घरी बसून करायचं होतं, खाडीकाठच्या घरात. ताईंनी मुलाखत दिली, परीक्षा दिली आणि मग राजीनामा घेऊन केबिनीत गेल्या. आम्ही सगळ्यांनी टायपिंग थांबवलं.

मग आडभिंत हादरली.

"असं कसं जाता तुम्ही? पुढच्या महिन्यात दोन कंपन्या नव्याने येताहेत, सगळी कामं तुम्ही लावलेली, आणि मला आज सांगता? काही जबाबदारी आहे की नाही? मी त्यांना काय तोंड दाखवू? दुसऱ्या कुणी असं केलं असतं ना, मी त्याला दारात उभं केलं नसतं!"

"मग मला का केलंत?" ताईंनी शांतपणे विचारलं.

"नाही करत! व्हा बाहेर! सगळं निखिलला समजावून दिल्याशिवाय जायचं नाही. एक ओळ अर्धवट राहिली तर बघा! आणि ते शेवटच्या दिवशी समोसे-बिमोसे आणलेत तर मी खाणार नाही!"

ताई बाहेर आल्या. काठी हातातच होती, टेकवायचं विसरल्या होत्या. सरळ माझ्या टेबलाशी येऊन थांबल्या. चेहरा लालबुंद आणि सगळा हसरा. "ऐकलंस गो?" त्या म्हणाल्या. "काय बोलले! काय बोलले मला!"

मला रडू आलं. आवाज न करता रडत होते, पण त्या लगेच म्हणाल्या, "नाक कशाला ओढतेस? तुला नाय बोलले, मला बोलले."

शेवटच्या दिवशी ताईंनी समोसे आणले. साहेबांनी दोन खाल्ले आणि पुन्हा एकदा जबाबदारी या विषयावर बोलले.

ताईंची खुर्ची काही दिवस तरी रिकामी ठेवावी, असं मला फार वाटत होतं. निखिलने मात्र लगेच एका नव्या मुलीला तिथे बसवलं. मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, खुर्ची रिकामी ठेवून तिला हात जोडत बसलेलं ताईंना कळलं, तर त्या पेणहून येऊन काठी घालतील. ते खरं होतं. तरी कितीतरी दिवस मला त्या बाजूला बघवत नव्हतं. ताईंची आठवण येते असं नुसतं म्हणून भागत नाही. मला त्यांची फार आठवण येते.

मागच्या आठवड्यात त्या नव्या मुलीने यादीत घोळ घातला. साहेब तिच्यावर ओरडले, आणि ती पहिलीच वेळ असल्याने तिचा चेहरा पडला. मी तिला खाली चहाला घेऊन गेले. ती म्हणाली, "साहेबांना मी नकोशी झालेय." मग मी ताईंबद्दल सांगायला लागले. सांगता सांगता चहा निवला, दुसरा मागवला. वर जायला फार उशीर झाला, आणि साहेब आम्हा दोघींवर ओरडले.